गुरुवारची रात्र

इतिहास लिहावयाचा तो कागदपत्रांवरून, असा आम्हां दप्तरात वाढलेल्या माणसांचा ग्रह असतो. मिशल गोल्डमन यांच्या १९९६ सालच्या ‘उम्म कुल्सुम : अ व्हॉइस लाइक ईजिप्त’ या अनुबोधपटाने माझा तरी तो ढिला केला. नाईलच्या मुखाकडील एका खेड्यात इमामाच्या घरी जन्मलेली ही मुलगी लहानपणी मुलग्याच्या वेषात वडिलांबरोबर धर्मगीते गाई. पुढे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कैरोच्या नभोवाणीवर तिचे गाणे लागले, की रस्ते ओस पडत. एकच ओळ ती पुनःपुन्हा, दर वेळी निराळ्या वळणाने घेई. श्रोते दाद देत आणि त्या दादेवर गाणे वाढत जाई. आपल्याकडील मैफलीच्या रसिकाला हे नवे वाटू नये.

१९४४ साली राजा फारूकने तिचा सन्मान केला. १९५२ च्या क्रांतीनंतर ती नासरच्याही मर्जीतली झाली. मग तिला सत्तेची म्हणावे की लोकांची? १९६७ च्या पराभवानंतर तिने देशोदेशी, पॅरिसमध्येही, गाऊन मिळविलेला पैसा सरकारास दिला. दप्तरात ही राजनिष्ठा म्हणून नोंदली जाईल. चित्रपट मात्र कैरोतील साध्या माणसांनाच बोलते करतो, आणि मृत्यूनंतर वीसेक वर्षांनीही ती माणसे तिच्याविषयी घरच्यासारखी बोलतात. फेब्रुवारी १९७५ मध्ये तिच्या अंत्ययात्रेत लोकांनी शवपेटिका खांदेकऱ्यांकडून काढून घेतली आणि सरकारने आखलेला मार्ग सोडून, हातोहाती, हुसेनच्या मशिदीकडे नेली.