दांडी नसलेली सायकल

"लेडीज लेंगे कि जेंट्स?" पद्मनाभपुरात भाचीसाठी सायकल घ्यायला गेलो, तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हा आला. ती नववीत गेली होती. छत्तीसगढ सरकारच्या सरस्वती सायकल योजनेमुळे नववी आणि मुलीची सायकल ही जोडी इकडे घरोघरी ठाऊक आहे. पण पोरीची उंची किती, पाय किती लांब, हे कुणी विचारलंच नाही. ही खोड फार जुनी आहे.

१८१७ साली जर्मनीत कार्ल द्राइसनं पायडल नसलेली लाकडी दुचाकी काढली. दोनच वर्षांनी लंडनच्या डेनिस जॉन्सननं बायकांसाठी वेगळा नमुना केला. त्यात मधला दांडा खाली वाकवला होता, घोळदार झग्यासाठी. पुढे उंच चाकाच्या सायकली आल्या आणि झगा घातलेल्या बाईला त्यावर चढणंच अशक्य झालं. १८८५ मध्ये स्टार्ली या सायकल बनवणाऱ्याची 'रोव्हर' आली, जवळपास सारख्या दोन चाकांची आणि साखळीची. मग काही वर्षांतच आडवी दांडी काढलेल्या सायकली बाजारात दिसू लागल्या. साखळीवर झाकण बसलं, मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी आली. दांडी, झाकण, जाळी, तिन्ही गोष्टी ठरल्या त्या कपड्यावरून. बाईच्या अंगाचं माप त्यात कुठेच नव्हतं.

आपल्याकडे ही सायकल पाचवारी साडीच्या निऱ्यांना सोयीची ठरली. नऊवारीचा काष्टा घातलेल्या बाईला खरं तर दांडीची अडचण नव्हती. पाय मोकळेच होते. तरी 'लेडीज' म्हणजे बिनदांडीची, हे पक्कं झालं.

दांडी काढण्याची किंमतही मोजावी लागते. फ्रेमची ताकद नळ्यांच्या त्रिकोणात असते. वरची नळी गेली की त्रिकोण मोडतो, सीटखालच्या नळीवर ताण येतो; मग नळ्या जाड करा, वजन वाढवा. म्हणजे हलकी हवी तिलाच जड सायकल मिळते. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईत १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. तिथे कित्येकींनी मुद्दाम जेंट्स सायकल घेतली, कारण दांडीवर मूल बसवता येतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. काय सोयीचं, हे तिथे बायकांनी स्वतः ठरवलं.

मापाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. काळ्या जेंट्स सायकलची फ्रेम २२ किंवा २४ इंची आणि चाक २८ इंची. बुटक्या माणसाला ती ओझंच. म्हणून तर आमच्याकडची पोरं दांडीखालून पाय घालून 'कैंची' चालवायची. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या यांत्रिकी अभियंता बाईनं १९८५ मध्ये कंपनी काढली आणि गुंता नेमका धरला. फ्रेम लहान करत गेलं की वळताना पायाची बोटं पुढच्या चाकाला घासतात. तिनं मागचं चाक नेहमीचं ठेवलं आणि पुढचं २४ इंची बसवलं. फ्रेम खरोखर आखूड झाली, हँडल हाताशी आलं.

पुढे बऱ्याच कंपन्यांनी 'बायकांची भूमिती' म्हणून वेगळ्या फ्रेम विकल्या. पण दोन बायकांत जेवढा फरक असतो, तेवढा कित्येकदा बाई आणि पुरुषातही नसतो. म्हणून आधी पायाचं माप. भाचीला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं केलं, मांड्यांमध्ये जाड वही वरपर्यंत दाबून धरली आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत मोजलं. आडवी दांडी दोन पायांत घेऊन उभं राहिल्यावर तीनेक बोटांची जागा सुटायला हवी. मग हँडल किती लांब, ब्रेक बोटांत येतो का, आणि हँडल पूर्ण वळवून पायाचा चवडा चाकाला लागतो का, हे पाहायचं.

चाकाचं नाव फसवं असतं. '२६ इंची' म्हणून विकली जाणारी चाकं एकसारखी नसतात. साध्या सायकलच्या बारीक, १ ३/८ इंची टायरची रिम ५९० मिलिमीटरची, तर जाड टायरच्या डोंगरी सायकलची ५५९ ची. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही.

भाचीनं तीन सायकली दुकानासमोरच्या रस्त्यावर फिरवल्या. तिसरीवर चवडा सुटला, ब्रेक हातात आला. त्या सायकलला दांडी होती. टायरच्या कडेला ३७-५९० छापलेलं मी वहीत लिहून घेतलं आणि पैसे दिले.