ट्रॅव्हल ट्रेलरच्या टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींमध्ये टायरमधील हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे; ट्रेलरला हा नियम लागू नाही. ट्रेलरच्या टायरमधली हवा गेली, तरी पुढे बसलेल्या चालकाला ते चटकन जाणवत नाही. कमी हवेवर धावणारा टायर तापून फुटू शकतो. म्हणून अनेक मालक वेगळा संच घेतात. व्हॉल्व्हवर बसवलेले सेन्सर दाब व तापमान मोजतात आणि चालकासमोरच्या पडद्यावर ते आकडे दिसतात. ट्रेलर लांब असल्यास संदेश पोहोचावा म्हणून मध्ये रिपीटर लावतात. टायर थंड असताना उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी हवा भरून तोच दाब संचात नोंदवावा. काही आदळून टायर अचानक फुटला, तर मात्र ही यंत्रणा आधी इशारा देऊ शकत नाही.