थंड पाण्यात उभी केलेली कोंबडी

पौष महिना होता. पहाटे खुराड्यात फडफड ऐकू आली. बॅटरी घेऊन बाहेर जाईपर्यंत बोका कुंपणावरून पसार झालेला. एक तलंग कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. पिसे बाजूला करून पाहिली तर पाठीवर दोन बारीक भोके आणि थेंबभर रक्त, एवढेच. आम्ही त्यावर हळद दाबली, तिला ओट्यावर डालग्याखाली झाकले आणि शाळेला निघून गेलो. संध्याकाळी तिने दाणा टिपला नाही. दुसऱ्या दिवशी मान टाकली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती मेलेली सापडली. "धसक्याने गेली," असे घरात सगळ्यांनी ठरवून टाकले.

धसक्याने पक्षी मरतात हे खरे आहे. पण धसक्याचा बळी बहुधा काही तासांतच जातो. दोन दिवसांनी मरणाऱ्या कोंबडीबाबत आणखी दोन संशयित धरायला हवेत. एक थंडी आणि दुसरा बोक्याच्या दातावरचा जंतू. या दोन्हींचा माग काढत गेलो, तर आपण एकाच माणसाच्या प्रयोगशाळेत पोचतो. तो माणूस लुई पाश्चर. शाळेच्या पुस्तकात तो कुत्रा, मेंढी आणि दूध यांच्यासोबत भेटतो. पण त्याच्या आयुष्यातली दोन महत्त्वाची वर्षे कोंबड्यांच्या संगतीत गेली.

पहिली गोष्ट मार्च १८७८ची. मेंढ्यांना आणि गुरांना मारणारा अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी (आपल्याकडे खेड्यात याला 'फाशी' म्हणतात), कोंबडीला सहसा होत नाही. पाश्चरचा तर्क असा की कोंबडीचे अंग मुळातच गरम, जवळजवळ ४२ अंश सेल्सियस. त्या उष्णतेत हा जंतू नीट वाढत नसावा. पॅरिसजवळच्या आल्फोर येथील पशुवैद्यक शाळेतले प्राध्यापक कोलँ यांना हे मान्य नव्हते. कोंबडीला काळपुळी देणे अगदी सोपे आहे, असे ते म्हणत. पाश्चरने त्यांच्याकडे अशी एक कोंबडी मागितली, पण ती काही त्यांना देता आली नाही. तेव्हा पाश्चरनेच ती तयार केली. १९ मार्चला तो वैद्यक अकादमीच्या बैठकीला तीन कोंबड्या घेऊन गेला. एक मेलेली, दोन जिवंत.

मेलेल्या कोंबडीला जंतू टोचून, तिचा खालचा भाग बुडेल अशा बेताने २५ अंशांच्या पाण्यात ठेवले होते. तिचे तापमान ३७-३८ अंशांपर्यंत उतरले आणि काळपुळीने ती मेली. दुसरीला जंतू टोचले, पण पाण्यात ठेवले नाही. तिसरीला पाण्यात ठेवले, पण जंतू टोचले नाहीत. या दोघींना काहीच झाले नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने इथे जरा थांबावे. तुलनेसाठी ठेवलेला गट म्हणजे काय, हे शिकवायला याहून सुटसुटीत उदाहरण आम्हाला तरी आठवत नाही. नंतर चौथी कोंबडीही झाली. तिला जंतू टोचून पाण्यात ठेवले, रोगाची लक्षणे दिसू लागताच बाहेर काढले, कापसात गुंडाळून ३५ अंशांच्या उबदार पेटीत ठेवले. ती बरी झाली.

प्रयोग निर्दोष, पण स्पष्टीकरण मात्र अर्धेच. तीनच वर्षांनी, १८८१ साली, पाश्चरने काळपुळीची लस दाखवली. त्या लशीसाठी हाच जंतू ४२-४३ अंशांवर अनेक दिवस वाढवला होता. म्हणजे कोंबडीच्या अंगाइतक्या उष्णतेत तो वाढतो, फक्त दुबळा होत जातो! मग गार कोंबडी का मेली? पुढे मेचनिकॉफच्या विचाराचे संशोधक म्हणाले की थंडीने जंतूला बळ मिळाले यापेक्षा कोंबडीच्या पांढऱ्या पेशी मंदावल्या, हे मोठे कारण. वरच्या इयत्तांतल्या मुलांसमोर ४२ आणि ४२-४३ हे दोन आकडे ठेवा आणि विसंगती त्यांनाच शोधू द्या.

आमची तलंग आम्ही पौषातल्या थंडीत सिमेंटच्या ओट्यावर ठेवली होती. भेदरलेला, रक्त गमावलेला पक्षी आपली ऊब स्वतः टिकवू शकत नाही, हे तेव्हा आमच्या ध्यानातही आले नाही.

दुसरी गोष्ट कोंबड्यांच्या कॉलऱ्याची. माणसांच्या पटकीशी त्याचा काही संबंध नाही. तुलूजच्या पशुवैद्यक शाळेतल्या तूसँ यांनी पाठवलेल्या नमुन्यावरून पाश्चरच्या प्रयोगशाळेने १८७९ साली हा जंतू कोंबडीच्या मांसाच्या रश्श्यात वाढवला. त्याचा थेंबभर रस्सा पावावर टाकून खाऊ घातला तरी कोंबडी मरे. पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे: सुटीत विसरलेला जुना रस्सा, तो टोचल्यावर न मेलेल्या कोंबड्या, आणि मग ताजे जंतू टोचूनही त्या जिवंत! ९ फेब्रुवारी १८८० रोजी पाश्चरने हा शोध जाहीर केला. जंतू दुबळे करण्याची रीत मात्र त्याने ऑक्टोबरपर्यंत सांगितली नाही. सुटीची ही हकीकत आम्हीही वर्गात अनेकदा रंगवून सांगितली आहे. पण इटलीचे इतिहासकार अंतोनियो काडेद्दू यांनी प्रयोगशाळेच्या वह्या तपासून १९८५ साली दाखवले की हे काम योगायोगाने एका दिवसात झालेले नाही. त्यामागे सहकारी एमील रू याचे हिवाळाभर चाललेले, ठरवून केलेले प्रयोग होते.

आपल्या तलंगेच्या दृष्टीने महत्त्वाचे निरीक्षण निराळेच आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही. हाच जंतू गिनीपिगला टोचला की बहुधा नुसते गळू होते. प्राणी हिंडतो, फिरतो, खातो. पण त्या गळवातला पू शेजारच्या कोंबडीपर्यंत पोचला तर कोंबडी मरते. एकाच्या अंगावर निमूट राहणारा जंतू दुसऱ्याचा जीव घेतो, हे पाश्चरने तेव्हाच नोंदवले होते.

१८८७ साली या जंतूच्या प्रजातीला पाश्चरचे नाव मिळाले, पाश्चुरेला. जातीचे नाव मल्टोसिडा, म्हणजे पुष्कळांना मारणारा. गुरा-म्हशींचा घटसर्प (माणसांच्या घटसर्पाहून वेगळा), ज्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घेतात, तो याच जातीच्या एका प्रकाराने होतो. आणि गिनीपिगची भूमिका आपल्या अंगणात कोण करते? मांजर. बहुतेक मांजरांच्या आणि बऱ्याच कुत्र्यांच्या तोंडात पाश्चुरेला बिनबोभाट राहतो. मांजर चावून माणसाला झालेल्या या संसर्गाची पहिली नोंद १९३० सालची आहे. बोक्याचा सुळा म्हणजे एक टोचणीची सुईच. वरचे भोक बारीक, आत मात्र जंतूंचा थेंब खोलवर पोचलेला. आमच्या हळदीने काय केले असेल, तर त्या भोकाला बूच बसवले.

आमच्या तलंगेचे शवविच्छेदन झाले नाही. त्यामुळे ती पाश्चुरेलाने मेली असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण पुढच्या वर्षी दुसरी कोंबडी अशीच सापडली, तेव्हा आम्ही वेगळे वागलो. तिला घरात, अंधाऱ्या कोपऱ्यात खोक्यात ठेवले. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवली, म्हणजे नको वाटले तर तिला सरकता यावे. (पूर्वी लोक खोक्यात ६०चा दिवा लावत, आजच्या एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही.) जखमेभोवतीची पिसे उपटली नाहीत, कात्रीने कापली, उपटताना पातळ कातडी फाटते. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून, सुई काढलेल्या सिरिंजने भोके धुतली. भोकातून श्वासागणिक बुडबुडे येत असते तर पाणी घातले नसते, कारण पक्ष्यांच्या धडात हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांतून पाणी थेट श्वसनमार्गात जाते. भोके उघडीच ठेवली. माश्यांसाठी खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाकला. इतर कोंबड्यांपासून तिला दूर ठेवले, कारण लाल दिसले की त्या टोचून टोचून जखम मोठी करतात.

आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे नेले. पाश्चुरेलावर पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे सहसा चालतात. पण कोणते द्यायचे, किती द्यायचे आणि अंडी किती दिवस खायची नाहीत, हे त्यांनीच सांगायचे. माणसांच्या औषधांच्या डब्यातली गोळी आपल्या मनाने देऊ नये. सोडवताना बोक्याने आपल्यालाच ओरबाडले किंवा चावले, तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन दवाखाना गाठावा. तिथे मिळणाऱ्या रेबीजच्या लशीची वंशावळही पाश्चरच्या १८८५ सालच्या लशीपर्यंत जाते.

दुसरी कोंबडी जगली. एका कोंबडीवरून काही सिद्ध होत नाही. पाश्चरलाही चार लागल्या होत्या. दीड महिना तिने अंडे घातले नाही. पाठीवरची पिसे उगवली ती पांढरी. बोका मात्र अजून येतो, म्हणून खुराड्याच्या जाळीखाली आता वीतभर खोल दगड पुरले आहेत.