माणसे कुठे बसतात?

समुद्रकिनाऱ्यावरची एखादी जागा लोकांसाठी राखायची ठरली, की आधी नकाशा होतो. बाके इथे, झाडे तिथे, वाहनतळ पलीकडे. लोक तिथे प्रत्यक्षात काय करतात, हे पाहायचे मात्र राहून जाते. हे पाहणेसुद्धा शास्त्रीय रीतीने करता येते. त्याचे एक चांगले उदाहरण किनाऱ्यावरचे नसून न्यूयॉर्क शहरातले आहे.

१९६१ साली तिथल्या बांधकाम नियमांत एक सवलत आली. इमारतीपुढे लोकांसाठी चौक मोकळा सोडल्यास त्याच्या दर चौरस फुटामागे मालकाला १० चौरस फूट जादा बांधकाम मिळे. चौक भराभर झाले, पण त्यांतले कित्येक ओस पडत. असे का?

१९७०च्या सुमारास विल्यम व्हाइट या लेखकाने तरुण साहाय्यकांसह हे कोडे हाती घेतले. ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपणारे कॅमेरे उंचावर लावले. कोण कुठे बसले, किती वेळ, एकटे की सोबतीने, हे नकाशावर नोंदवले.

चौकाचा आकार, क्षेत्रफळ, ऊन असे सारे तर्क तपासले. त्यांपैकी एकानेही कोडे पुरते सुटेना. मग साधेच उत्तर हाती आले: जिथे बसायला जागा, तिथे माणसे बसतात! दुसरी गंमत अशी, की 'गर्दीपासून दूर जायला आवडते' असे सांगणारी माणसे प्रत्यक्षात ये-जा करणाऱ्यांच्या ऐन वाटेतच गप्पा मारत उभी राहत. म्हणजे नुसते विचारून भागत नाही, पाहावे लागते.

१९७५ साली नियम बदलले. चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे १ रनिंग फूट बैठक सक्तीची झाली.

आपल्या विद्यार्थ्यांना किनारा, मैदान किंवा बसस्थानक घेऊन अशी नोंद सहज करता येईल. कागदावर जागेचा आराखडा काढावा आणि दर अर्ध्या तासाने माणसांच्या खुणा कराव्यात. एक काळजी मात्र घ्यावी. किनाऱ्यावर फक्त संध्याकाळी मोजले, तर फिरायला आलेलेच दिसतील; सकाळी जाळी सुकवणारे कोळी आणि मासळी वाळत घालणाऱ्या बायका नोंदीत येणारच नाहीत. आणि नोंदीत जे नाहीत, त्यांना नकाशातही जागा उरत नाही. म्हणून काय मोजायचे याइतकेच केव्हा मोजायचे, हेही आपण वर्गात आधी ठरवू या.