एकास पंचवीस : व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, वायर आणि स्पीकर यांच्या जुळणीचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नामुळे झाला. हा मुलगा कल्याणला राहतो. काकांकडून त्याला व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर मिळाला, ईएल८४ चा, दर बाजूला एकच व्हॉल्व्ह. त्याला जोडायला त्याने हप्त्यावर नवे, उंच, सडपातळ स्पीकर घेतले. आवाज मात्र मेलेला येतोय. दुकानदाराचं म्हणणं, वायर बदला. मीटरला साडेतीन हजार रुपये. दोन्ही स्पीकरना मिळून दहा मीटर लागते, म्हणजे पस्तीस हजार. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता : घेऊ का?

पस्तीस हजार म्हणजे आमच्या डोंबिवलीत वन बीएचकेचं दोन महिन्यांचं भाडं निघेल. त्यामुळे "आपापली आवड" असं म्हणून विषय टाळणं मला बरं वाटलं नाही. उत्तर देतो, पण इतिहासाच्या वाटेने देतो. कारण ही "मॅचिंग"ची भानगड कुठून आली हे कळलं की उत्तर जवळजवळ आपोआप मिळतं.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. ली डी फॉरेस्टने १९०६ च्या सुमाराला त्यात तिसरा इलेक्ट्रोड घातला आणि क्षीण सिग्नल मोठा करता येऊ लागला. या नळीचा स्वभाव असा की तिला व्होल्टेज भरपूर लागतं, अडीचशे-तीनशे व्होल्ट, पण करंट ती अगदी थोडा देते, काही मिलिअँपिअर. स्पीकरचा स्वभाव बरोबर उलटा. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी कोन आणि हलणारी कॉइल असलेला स्पीकर मांडला. आजही आपण मुख्यतः तोच वापरतो. त्या कॉइलचा रोध जेमतेम चार, आठ किंवा सोळा ओहम. तिला व्होल्टेज थोडं चालतं, करंट मात्र भरपूर हवा.

म्हणजे एकीकडे हजारो ओहमचं जग आणि दुसरीकडे आठ ओहमचं. थेट जोडलं तर जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. मध्ये दुभाषा लागतो, तो म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. एकट्या ईएल८४ ला साधारण ५,००० ओहमचा लोड मानवतो. स्पीकर ८ ओहमचा. ५,००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५. म्हणून ट्रान्सफॉर्मरमध्ये स्पीकरच्या बाजूला एक वेढा असेल तर व्हॉल्व्हच्या बाजूला पंचवीस. एकास पंचवीस. मॅचिंगचा गाभा एवढाच आहे.

इथे बी.टेक.वाल्यांसाठी एक टीप. आपण सगळ्यांनी मॅक्सिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम पाठ केलेला असतो, आणि मॅचिंग म्हटलं की तोच आठवतो. इथे तो लागू पडत नाही. ईएल८४ चा स्वतःचा रोध ४० हजार ओहमच्या आसपास असतो, पण लोड ५ हजारांचा देतात. कारण जास्तीत जास्त वॅट काढायचे नसून आवाज न फाटता मिळतील तेवढे काढायचे असतात. थिअरम चुकीचा नाही, प्रश्न वेगळा आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. मर्फी ही मूळची इंग्लंडची कंपनी, १९२९ मध्ये सुरू झालेली. तिच्या भारतातल्या रेडिओंचा कारखाना आपल्या ठाण्यात होता. ते मर्फीचं बाळ आमच्या पिढीला 'बर्फी' सिनेमामुळे माहीत झालं. आधीच्या पिढीला ते घरातल्या कोनाड्यातून, दुकानांच्या पाट्यांवरून ठाऊक होतं. त्या व्हॉल्व्हच्या रेडिओत गंमत अशी होती की घेणाऱ्याला "मॅचिंग" हा शब्द ऐकायचीही गरज नव्हती. व्हॉल्व्ह कुठला, ट्रान्सफॉर्मरला वेढे किती, स्पीकर केवढा, लाकडी पेटी किती खोल, हे सगळं कारखान्यात एकत्र ठरायचं. ट्रान्सफॉर्मरपासून स्पीकरपर्यंतची वायर वीतभर. चार-पाच वॅटमध्ये सगळी चाळ नाट्यसंगीत ऐकू शकायची, कारण तो कागदी कोनाचा स्पीकर थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज देणारा होता आणि पेटी त्याच्या मापाची होती. जुळणी होती, पण ती विकत घेणाऱ्याच्या डोक्याला ताप नव्हती.

वायर हा खरा प्रश्न कुठे झाला? घरात नाही, मैदानात. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची 'चिकागो रेडिओ' ही कंपनी काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवायची. १९३१ च्या कराची अधिवेशनात त्यांची यंत्रणा होती, आणि ८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँकवर गांधीजी बोलले तेही चिकागो रेडिओच्या माइकवर. मैदानात स्पीकर अँप्लिफायरपासून शंभर-शंभर मीटर दूर असतो. तिथला हिशेब करून बघा. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर शंभर मीटरच्या जोडवायरीचा, म्हणजे जाऊन-येऊन दोनशे मीटरचा, रोध साधारण २.३ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे तर साडेतीन अँपिअर करंट न्यावा लागतो, आणि सुमारे २८ वॅट नुसते वायर तापवण्यात जातात.

यावर तोड निघाली ती १०० व्होल्ट लाइनची. अँप्लिफायरमधूनच १०० व्होल्टवर सिग्नल पाठवायचा. १०० वॅटला आता एकच अँपिअर पुरतो, आणि त्याच वायरीत २८ ऐवजी सव्वादोन-अडीच वॅट जातात. मग प्रत्येक कर्ण्यापाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज पुन्हा खाली आणायचं. वीज मंडळ लांबच्या गावाला वीज नेतं त्याचीच ही छोटी आवृत्ती. आपल्याकडच्या स्पीकरवाल्यांच्या भाषेत त्या डब्याचं नावच "लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर" आहे. गणपतीच्या मांडवात कर्णे बांधणाऱ्या माणसाने कधी वर्गमूळ काढलं नसेल, पण २० वॅटचे पाच कर्णे म्हणजे १०० वॅटची मशीन, सहावा लावायचा तर मोठी मशीन आणा, हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. मॅचिंग नीट समजलेला माणूस आपल्या आसपास कोणी असेल तर तो हाच. त्याला कोणी ऑडिओफाइल म्हणत नाही, एवढंच.

घरातल्या हाय-फायकडे वळायच्या आधी एक प्रवास सांगितलाच पाहिजे, कारण लोकलने जाणाऱ्यांना तो जवळचा वाटेल. २ ऑगस्ट १९२७ ची सकाळ. बेल लॅबचा हॅरॉल्ड ब्लॅक हा इंजिनिअर न्यू जर्सीहून मॅनहॅटनला फेरीबोटीने कामावर चालला होता. वाटेत त्याला सुचलं की अँप्लिफायरचं आउटपुट थोडं उलटं करून पुन्हा इनपुटला दिलं तर त्याच्या चुका तो स्वतःच भरून काढेल. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या कोऱ्या जागेवर त्याने समीकरणं लिहिली. हाच निगेटिव्ह फीडबॅक. याचा आपल्या विषयाशी संबंध असा की फीडबॅकमुळे अँप्लिफायर स्पीकरला जास्त घट्ट धरतो. समोरचा स्पीकर थोडा वेगळा असला तरी आवाजाचा पोत फारसा बदलत नाही.

१९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात १५ वॅटच्या अँप्लिफायरचा आराखडा छापला आणि घरी सोल्डरिंग करणाऱ्यांची एक पिढीच त्यावर पोसली गेली. त्यातला सगळ्यात अवघड भाग कुठला? आउटपुट ट्रान्सफॉर्मर. पूर्ण सर्किटभोवती एवढा फीडबॅक लावायचा तर ट्रान्सफॉर्मर फार काटेकोर गुंडाळलेला लागतो, नाहीतर अँप्लिफायर स्वतःच शिट्ट्या मारायला लागतो. आपल्याकडे १९६१ पासून बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. लॅमिंग्टन रोडवर व्हॉल्व्ह मिळायचे, चांगला गुंडाळून देणारा शोधावा लागायचा.

मग दोन गोष्टी जवळपास एकदम झाल्या. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी बंद पेटीतला छोटा स्पीकर आणला. खर्ज खोल, जागा कमी, पण वॅट मात्र भरपूर खाणारा. आणि १९५६ मध्ये एच. सी. लिन यांनी ट्रान्झिस्टरचा असा अँप्लिफायर मांडला ज्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मरच लागत नव्हता. ट्रान्झिस्टर मुळातच कमी व्होल्टेज, जास्त करंटचा प्राणी, त्याला दुभाषाची गरज नाही. वॅट स्वस्त झाले. आळशी स्पीकर चालून जाऊ लागले. मॅचिंग हा शब्द घरातून जवळजवळ गेला.

आणि नेमकं तेव्हाच, १९७० चं दशक संपता संपता, अमेरिकेत स्पीकरची वायर हा वेगळा, मिरवण्याचा माल म्हणून विकायला सुरुवात झाली. तोवर लोक साधी दिव्याची वायर वापरत होते. मला यात दोष एकट्या विक्रेत्यांचा वाटत नाही. ऐकणाऱ्याच्या हातात जुळवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि हौशी माणसाला काहीतरी जुळवायचं असतंच. वायर हातात धरता येते, बदलता येते.

पुढे व्हॉल्व्ह परत आला, हौस म्हणून. पण तो आला तोवर आजूबाजूचं जग ट्रान्झिस्टरचं झालं होतं, स्पीकरसकट. आपल्या श्रोत्याची अडचण इथे आहे. मी रोज सॉफ्टवेअरच्या दोन सिस्टिम एकमेकींना जोडण्याचं काम करतो. दोन्ही आपापल्या जागी ठीक असतात आणि तरी चालत नाहीत, कारण एकीने दुसरीबद्दल काहीतरी गृहीत धरलेलं असतं. इथेही तेच झालंय.

त्याने कळवल्याप्रमाणे त्याच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल आहे, म्हणजे एक वॅटला एक मीटरवर एवढा आवाज. पाच वॅटला होतात ९३. तेच ९३ डेसिबल ९६ सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर अर्ध्या वॅटमध्ये देतो. दहापट फरक. त्याचा पाच वॅटचा अँप्लिफायर तबल्याच्या एका थापेला धापा टाकतो, म्हणून आवाज मेलेला.

दुसरी गोष्ट. "आठ ओहमचा स्पीकर" हे नाव झालं. प्रत्यक्षात सूर बदलला की तो रोध ४ ओहमपर्यंत उतरतो आणि ३० पर्यंत चढतो, असे स्पीकर बाजारात भरपूर आहेत. कमी फीडबॅकच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा आउटपुटचा रोध २ ओहम धरा. मग ४ आणि ३० ओहमच्या जागी स्पीकरला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये जवळजवळ ३ डेसिबलचा फरक पडतो. हा कानाला कळतो. काही सूर पुढे येतात, काही मागे जातात. आणि वायरीमुळे? १.५ चौरस मिलिमीटरची, पाच मीटर लांब साधी तांब्याची वायर घेतली तर तिचा रोध ०.११५ ओहम आणि फरक ०.२ डेसिबल. तीनांतलं ठेवून शून्य पूर्णांक दोनावर पस्तीस हजार खर्च करायचे का, एवढाच प्रश्न उरतो.

तर मित्रा, नको घेऊस. विजेच्या दुकानातून १.५ किंवा २.५ ची चांगली तांब्याची वायर आण, दोन्ही बाजूंची टोकं घट्ट बसव. अँप्लिफायरच्या मागे ४, ८, १६ अशा खुणांचे स्क्रू असतील तर ४ वर जोडूनही ऐकून बघ. आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते स्पीकर विकून ९४-९६ सेन्सिटिव्हिटीचे, जुने चालतील, असे शोध.

दोन धोक्याच्या सूचना सगळ्यांसाठी. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर स्पीकर न जोडता कधी वाजवू नका. ट्रान्झिस्टरला शॉर्ट सर्किटची भीती असते, व्हॉल्व्हवाल्याला उघड्या टोकांची. लोड नसेल तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि वाइंडिंग जळतं. आणि बंद करून प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट बसून असू शकतात, तेव्हा माहीत नसेल तर झाकण उघडू नका.

शेवटी एक विनंती. ठाण्यात, कल्याणमध्ये, डोंबिवलीत अजून बऱ्याच घरांच्या माळ्यावर मर्फी, फिलिप्स, बुश पडून आहेत. दिवाळीच्या सफाईत ते भंगारवाल्याकडे जातात, आणि तांब्याच्या भावासाठी आधी ट्रान्सफॉर्मर फुटतो. तुमच्याकडे असा सेट असेल आणि ठेवायला जागा नसेल, तर निदान त्याचा स्पीकर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर ही जोडी सोबत ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्या कुणाला एकत्रच द्या. व्हॉल्व्ह आजही नवे मिळतात. पण त्या स्पीकरसाठी कुणीतरी मोजून घातलेले ते वेढे एकदा तुटले की पुन्हा घालून देणारी माणसं आता फार थोडी आहेत. तुमच्या भागात असा वाइंडिंगवाला असेल तर मला कळवा, त्यांची तयारी असेल तर पुढचा एखादा भाग त्यांच्याशी बोलून करू.