बेडकाच्या जिभेवरचे वीस दिवस

दाराच्या चौकटीवर तुमचं कोपर आपटतं, करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, आणि डोळे उघडता तर समोर १८४९ मधलं लंडन. केन्सिंग्टनमधले एक डॉक्टर, ऑगस्टस वॉलर, सूक्ष्मदर्शकावर वाकलेले. पोटापाण्यासाठी रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात हा उद्योग. भिंगाखाली आहे जिवंत बेडकाची जीभ.

जीभच का? ती पुढून जोडलेली आणि मागून मोकळी असते. ओढून पसरली की इतकी पातळ होते, की उजेड आरपार जातो. बेडूक न मारता त्याची नस बघता येते.

बघा तुम्हीही. नस म्हणजे एक तार नव्हे, नळ्यांची जुडी. प्रत्येक नळीत मधोमध अक्षतंतू, भोवती चरबीचं चकचकीत वेष्टन. मायलिन म्हणू नका, तो शब्द अजून जन्मायचा आहे. हे वेष्टन गुंडाळतात श्वान पेशी. कुत्र्याशी काही संबंध नाही. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे ते.

वॉलर यांनी जिभेच्या एका बाजूची नस कापली, दुसरी तशीच ठेवली. मला विचाराल तर खरी हुशारी इथेच: ताडून पाहायला दुसरा बेडूक लागत नाही.

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेष्टन गढूळतं, दूध नासावं तसं. मग गुठळ्या. विसाव्या दिवशी नुसते कण. पण फक्त कापाच्या पलीकडे. मेंदूकडचा भाग शाबूत. म्हणजे तंतू जगतो तो दूरवरच्या आपल्या पेशीच्या जिवावर.

वॉलर यांच्या कानात सांगावंसं वाटतं: डॉक्टर, ही नासाडी म्हणजे झाडलोटही आहे. श्वान पेशी आणि भक्षक पेशी मिळून कचरा उचलतात. मग त्याच श्वान पेशी रिकाम्या नळीत रांग धरतात आणि तुटल्या टोकातून फुटलेला कोंब त्या रांगेतून पुढे सरकतो. नळी चुकली, तर स्पर्श एका बोटाला आणि जाणीव दुसऱ्याची.

फेब्रुवारी १८५० मध्ये वॉलर यांनी जिभेत पाहिलेलं हे सगळं रॉयल सोसायटीपुढे वाचलं जाईल. तोवर तुम्ही परत चौकटीपाशी. झिणझिण्या ओसरल्यात, नस धड आहे. कोपरापाशी तुटली असती, तर करंगळीचं टोक चाळीसेक सेंटीमीटर लांब. माणसाच्या नसेचा कोंब दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. वर्ष उलटून गेलं असतं.