बहुसंख्यांना समजेल अशी भाषा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात काला चबुतरा आहे. १८५७ मध्ये बंड करणाऱ्या घोडदळातील शिपायांना येथे जाहीर देहदंड दिला गेला. पाहणाऱ्यांनी त्यातून धडा घ्यावा, ही सत्तेची अपेक्षा होती. आणि तो कळायला कोणालाही अक्षरओळख लागली नाही. याच चौकातून जाणाऱ्या जालना रस्त्याने आज कामगार चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जातात. त्यांना जीव वाचवण्याचा धडा मात्र आपण अक्षरांतूनच देत आलो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम १०८ साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एकदा वाचावे, असे आम्हांला वाटते. कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात, असे ते सांगते. भाषा म्हणजे मराठी, हिंदी, उर्दू एवढेच तेथे अभिप्रेत होते. मराठी येत असूनही फलकावरची ओळ ज्याच्या डोळ्यांपुढे विस्कटते, तो 'बहुसंख्य' या शब्दाबाहेरच राहिला. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, सर्व कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ते प्रशिक्षण देणे हे कारखानदाराचे कर्तव्य ठरले. शब्द बदलला, पद्धत बहुधा तीच राहिली. तासभर व्याख्यान, पडद्यावर मजकूर, अखेरीस नोंदवहीत सही. सही म्हणजे शिकल्याचा पुरावा, हे गणित आम्हांला कधीच उमगलेले नाही.

अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात ओली फरशी असते, वाफ, फिरती पाती, धुण्याचा कॉस्टिक सोडा, शीतगृहातला अमोनिया असतो. 'यंत्राला हात लावू नये' ही सूचना शब्दशः घेणारा स्वमग्न कामगार यंत्र धुण्याच्या वेळी अडतो, कारण तेव्हा हात लावावाच लागतो. चूक सूचनेची आहे, त्याची नव्हे. आधी मुख्य स्विच बंद, मग त्याला कुलूप, मग झाकण उघडणे: हे यंत्रापाशीच, एका पायरीला एक चित्र लावून, त्याच क्रमाने दाखवावे आणि त्याच्याकडून करून घ्यावे. धोक्याच्या भोंग्याची तालीम पूर्वकल्पना देऊन घ्यावी. अवचित वाजलेला भोंगा काहींना जागीच गोठवतो. याला पैसा फारसा लागत नाही, सवड लागते. आणि उत्पादनाच्या पाळीत दुर्मीळ असते ती हीच.

१९९६ मध्ये महाराष्ट्राने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. शाळेने ओळखलेला हा मुलगा कारखान्याच्या फाटकाशी पुन्हा अनोळखी झाला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नता नव्हती, अध्ययन अक्षमताही नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दोन्हींना स्थान दिले. २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोय ही त्या त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवायची असते, हे स्पष्ट केले. 'बहुसंख्य' ते 'सर्व' आणि तेथून एकेक माणूस, एवढा प्रवास कायद्याच्या भाषेने केला.

कारखाने अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेने घेतली आहे. पण गरज सांगायची तर आधी स्वतःची ओळख द्यावी लागते. दहावीला जादा वेळ मिळवून देणारा दाखला ठेकेदारापुढे जाताना एखाद्याने फाइलमधून काढून घरी ठेवला, तर त्याला दोष कसा द्यावा?